एक मेमस्लॉट काढायचा होता: केव्हीएममधल्या एका पॅचची, त्याच्या रिव्हर्टची आणि रिव्हर्टच्या दुरुस्तीची केस

ही केस २०१९ ची, लिनक्स कर्नलच्या केव्हीएममधली, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या भागातली. पॅच (कोडमधला बदल), रिव्हर्ट (तो बदल उलटवणं), त्यावरची चर्चा असं सगळंच जाहीर आहे, गिटच्या इतिहासात कोणालाही सापडेल, पण माणसांची नावं मी मुद्दाम घेत नाहीये कारण इथे कोणाला दोषी धरण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने त्याच्या हातात जी माहिती होती त्यावर बऱ्यापैकी बरोबर निर्णय घेतला. आणि तरीही सुधारणेतून बिघाड झाला, बिघाडावर उपाय केला तर त्यातून दुसराच बिघाड निघाला, आणि मूळ बिघाड नेमका कशामुळे होता हे तेव्हा काही समजलं नाही.

व्हर्च्युअल मशीनच्या मेमरीत बदल करणारा कोड तपासायचा म्हणजे काय काय तपासायचं, हे यातून नीट दिसतं म्हणून लिहितोय. मेमस्लॉट माहिती असेल तर पुढचा भाग वरवर वाचला तरी चालेल.

पार्श्वभूमी

गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, जी रॅम दिसते ती खरं तर होस्टवरच्या, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनवरच्या, एका साध्या प्रोसेसची मेमरी असते, बहुतेक वेळा क्यूएमू या एमुलेटरची. क्यूएमू एका आयऑक्टलने (कर्नलला विनंती करायचा कॉल) केव्हीएमला सांगतो की गेस्टच्या अमुक पत्त्यापासून एवढ्या लांबीची मेमरी माझ्या अमुक पत्त्यावर आहे, हा स्लॉट नंबर, हे फ्लॅग. झाला मेमस्लॉट. तोच आयऑक्टल साइझ शून्य देऊन परत मारला की स्लॉट डिलीट.

या आयऑक्टलच्या तोंडाशीच तपासण्यांची मोठी रांग आहे. साइझ आणि दोन्ही पत्ते पेजच्या सीमेवर बसतात का, गेस्टचा पत्ता अधिक साइझ केल्यावर ओव्हरफ्लो होतो का, स्लॉट नंबर हद्दीत आहे का, फ्लॅग ओळखीचे आहेत का, दुसऱ्या स्लॉटवर चढतोय का, चढत असेल तर सरळ एरर. स्लॉट आधीपासून असेल तर त्याची साइझ बदलता येत नाही, होस्टचा पत्ता बदलता येत नाही, रीड-ओन्लीचा फ्लॅग उलटवता येत नाही. म्हणजे फक्त चार प्रकारचे बदल उरतात: नवा स्लॉट, डिलीट, गेस्टमधली जागा हलवणं आणि नुसते फ्लॅग बदलणं.

यातली एकेक तपासणी कधी ना कधी कोणाला तरी चटका बसल्यावर आलेली असते असं नाही हं. होस्टचा म्हणून दिलेला पत्ता खरंच यूजरस्पेसचा, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमचा, आहे का, ही तपासणी ३.० च्या आधीच्या कर्नलमधे नव्हतीच, म्हणजे क्यूएमूच्या जागी एखादा खोडसाळ प्रोग्रॅम कर्नलचा पत्ता देऊन तो गेस्टची रॅम म्हणून रजिस्टर करू शकत होता. २०११ मधे ती तपासणी आली ती मात्र परफॉर्मन्ससाठी, की रजिस्टर करतानाच एकदा बघून घेतलं म्हणजे प्रत्येक रीडला बघायला नको. ती सिक्युरिटीची दुरुस्ती आहे हे लक्षात येऊन सीव्हीई-२०१३-१९४३ हा नंबर पडेपर्यंत २०१३ उजाडलं, आणि तोपर्यंत जुन्या कर्नलवर चालणाऱ्या एंटरप्राइज डिस्ट्रोत भोक तसंच उघडं. हे थोडं विषयांतर झालं, पण तोंडाशी असलेल्या तपासण्या सुद्धा किती अपघाताने येतात हे कळावं म्हणून सांगितलं.

२०१९ च्या आपल्या केसमधे या सगळ्या तपासण्या जागेवर होत्या आणि बरोबर होत्या. गडबड आत होती.

स्लॉट डिलीट होतो म्हणजे आत काय होतं ते बघू. केव्हीएम आधी त्या स्लॉटवर अवैध असा शिक्का मारलेली स्लॉटची नवी यादी लावतो, मग एसआरसीयूची (जुने वाचक संपेपर्यंत थांबायची कर्नलची सोय) वाट बघतो, म्हणजे जुनी यादी हातात धरून बसलेला एकही व्हीसीपीयू (गेस्टचा व्हर्च्युअल प्रोसेसर) उरू नये. त्यानंतर गेस्टचा पत्ता होस्टच्या पत्त्यात बदलायला प्रोसेसर वापरतो ती भाषांतराची टेबलं, म्हणजे इंटेलवर ईपीटी, त्यातल्या नोंदी पुसतो, ज्याला सगळे झॅप म्हणतात. आणि मग स्लॉट यादीतून खरोखर जातो. क्रम फार महत्त्वाचा, कारण झॅप चालू असताना एखाद्या व्हीसीपीयूने त्याच स्लॉटमधलं पेज परत लावून ठेवलं तर क्यूएमूने ती मेमरी सोडून दिल्यावर सुद्धा गेस्ट तिथे लिहीत बसेल.

आता झॅप किती करायचं. एक्स८६ वर वर्षानुवर्षं उत्तर होतं: सगळं. स्लॉट ४ पेजचा असो की ४ जीबीचा, एक काढला की त्या व्हीएमची सगळी शॅडो पेजं, म्हणजे ही टेबलं ज्यात असतात ती पेजं, उडवायची, गेस्टला गरज लागेल तशी ती परत बनतील. एका भाडेकरूने खोली सोडली म्हणून अख्ख्या चाळीला बाहेर काढून परत एकेकाला आत घ्यायचं, असा प्रकार. वेळखाऊ आहे, पण चुकून कोणी आत राहून गेलं असं होत नाही.

मोठ्या गेस्टमधे हे सगळं लॉक धरून करत बसलं तर बाकीचे व्हीसीपीयू ताटकळतात, म्हणून २०१३ मधे त्यावर एक छान युक्ती आली होती. प्रत्येक शॅडो पेजवर ते बनलं तेव्हाचा पिढीचा आकडा लिहिलेला. सगळं झॅप करायचं म्हणजे फक्त व्हीएमचा आकडा एकने वाढवायचा, क्षणात सगळी जुनी पेजं बाद, व्हीसीपीयूंना नवीन रूट, म्हणजे टेबलांचं सर्वात वरचं टोक, घ्यायला सांगायचं, आणि मग बाद पेजं निवांत थोडी थोडी करून, मधे मधे लॉक सोडत साफ करायची. नवी पेजं यादीच्या डोक्याशी लागतात आणि सफाई शेपटीकडून सुरू होते, त्यामुळे नव्या पिढीचं पहिलं पेज दिसलं की काम संपलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच अडलं.

बदल काय होता

२०१९ च्या सुरुवातीला केव्हीएमवर काम करणाऱ्या एका अनुभवी डेव्हलपरने २७ पॅचची मालिका पाठवली. त्यातला आपल्या कामाचा पॅच म्हणत होता की स्लॉट काढला तर फक्त त्याच स्लॉटची पेजं झॅप करा. आधी उलट्या नकाशावरून, म्हणजे कुठलं गेस्ट पेज कुठल्या नोंदीतून दिसतंय याची जी यादी असते तिच्यावरून, त्या स्लॉटकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी काढायच्या, मग ज्या शॅडो पेजांचा पत्ता त्या स्लॉटमधे पडतो ती काढायची. फायदा म्हणून दिलेला आकडा असा की गेस्ट एकीकडे साधी मेमरी वापरतोय आणि दुसरीकडे पीसीआय रॉम वाचून स्लॉट डिलीट घडवून आणतोय अशा छोट्या बेंचमार्कमधे थ्रूपुट ५ टक्क्यांनी सुधारला.

आणि एकदा हे केलं की पिढ्यांच्या त्या युक्तीला गिऱ्हाईकच उरत नाही. मुख्य वापर स्लॉट डिलीट हाच होता, उरलेसुरले वापर साध्या मार्गाने भागत होते. मग एवढी गुंतागुंत ठेवायची कशाला? मालिकेतल्या पुढच्या पॅचनी ती युक्ती काढून टाकली आणि सगळं झॅप करणारं साधं फंक्शन तेवढं ठेवलं. कोड वाचायला पुष्कळ सोपा झाला, मी तेव्हा रिव्ह्यूला असतो तर मीही खुशीत होकार दिला असता. मालिका ५.१ मधे गेली, मे २०१९ मधे ५.१ बाहेर पडलं.

अडचण

ऑगस्टमधे डिव्हाइस पासथ्रूचा, म्हणजे होस्टचं खरं कार्ड थेट गेस्टच्या हाती देण्याचा, भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरने त्या पॅचलाच उत्तर म्हणून कळवलं की जीपीयू पासथ्रू केलेल्या विंडोज गेस्टमधे या बदलापासून गडबड होतेय. बायसेक्ट करत करत, म्हणजे पॅचची रांग अर्धी अर्धी करून तपासत, तो नेमका याच पॅचवर येऊन पोचला होता. आधीचं कर्नल ठीक, हा पॅच लागला की बिघाड, हा पॅच उलटवला की परत ठीक.

जीपीयूवालेच का सापडले याचा एक सरळ अंदाज बांधता येतो. पासथ्रू केलेल्या कार्डाचे बार, म्हणजे कार्डाने मेमरीसारखे मांडलेले भाग, क्यूएमू मेमरी-मॅप करून गेस्टला देतो, म्हणजे ते बार सुद्धा मेमस्लॉट होतात, त्यातला एखादा २५६ एमबीचा असणं नेहमीचंच. गेस्टचं फर्मवेअर, मग ओएस, मग ड्रायव्हर, प्रत्येक जण बारचा पत्ता ठरवताना कार्डाचं मेमरी डिकोडिंग (त्या पत्त्यांना उत्तर देणं) बंद-चालू करतो आणि तेवढ्या वेळा तो स्लॉट जातो आणि परत येतो. साध्या गेस्टमधे स्लॉट डिलीट होणं ही बूटच्या वेळची चार क्षणांची गोष्ट, इथे मात्र तो वर्दळीचा रस्ता.

मार्चच्या मर्ज विंडोपासून ऑगस्टपर्यंत हे कोणाला दिसलं नाही हेही आश्चर्य नाही. कंपाइल होतंय, लिनक्स गेस्ट बूट होतायत, केव्हीएमच्या नेहमीच्या टेस्ट पास. पासथ्रू, त्यात जीपीयू, त्यात विंडोज, हे कॉम्बिनेशन कोणाच्या ऑटोमेटेड टेस्टमधे असणार? ते असतं घरी गेमिंगसाठी व्हीएम बनवणाऱ्या हौशी लोकांकडे आणि मोजक्या डेव्हलपरांच्या टेबलाखाली.

पहिला निर्णय: शोधायचं की उलटवायचं

मूळ पॅच लिहिणाऱ्याने हात झटकले नाहीत. त्याने प्रयोगाचे पॅच बनवून द्यायचे, रिपोर्ट करणाऱ्याने ते त्याच्या मशीनवर चालवून निकाल सांगायचा, असं चालू झालं. अशा शोधात त्रास हा असतो की बिघाड एकाच्या टेबलाखालच्या कार्डावर आणि कोड दुसऱ्याच्या डोक्यात, मधे ईमेल.

त्याच वेळी ५.३ चे रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणी आवृत्त्या, निघत होते. माझ्या मते समोर तीन पर्याय होते. एक, कारण सापडेपर्यंत थांबायचं आणि मुळावर घाव घालायचा. दोन, सरळ रिव्हर्ट. तिसरा, जो मला कागदावर दिसतो, तो म्हणजे पासथ्रू असलेल्या व्हीएमला तेवढं सगळं झॅप करायचं आणि बाकीच्यांना नवा मार्ग ठेवायचा. केव्हीएमला कुठल्या व्हीएमला डिव्हाइस जोडलंय हे कळतं, त्यामुळे हे अशक्य नव्हतं. पण तिसऱ्यात खोट अशी की बिघाड पासथ्रूमुळे आहे की पासथ्रूमुळे फक्त दिसतोय हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दुसऱ्या शक्यतेत तो साध्या गेस्टमधे सुद्धा असणार, फक्त इतका क्वचित की लोक एखादा क्रॅश दैवावर ढकलून मशीन रीबूट करत असणार.

केव्हीएमच्या मेंटेनरने रिव्हर्ट केलं, आणि कमिट मेसेजमधे प्रामाणिकपणे लिहिलं की बग बहुधा दुसरीकडेच आहे आणि तो अजून लपलेला आहे, तरी रिग्रेशन थांबवायला हे गरजेचं आहे. मला हा निर्णय पटतो. लिनक्समधे कालपर्यंत चालणारं आज बंद पडलं तर आधी ते चालू करा, कारणं नंतर शोधा, हा नियम जुना आहे आणि ५ टक्क्यांच्या बेंचमार्कसाठी तो मोडण्यात काही राम नव्हता.

पण कारण माहीत नसताना केलेला रिव्हर्ट हा एक वेगळाच प्राणी असतो. सगळं झॅप केल्यावर बिघाड जातो, याचा अर्थ स्लॉटच्या बाहेरच्या कुठल्यातरी नोंदी शिळ्या राहत होत्या आणि जुना मार्ग त्या नकळत साफ करत होता, असा असू शकतो. किंवा नव्या कोडमधे एखादं पेज निसटत होतं असाही. किंवा सगळं झॅप केल्यामुळे नुसतं टायमिंग बदलत होतं. तिन्हीमधे रिव्हर्ट लागू पडतो आणि तिन्हीतलं खरं कुठलं ते मात्र सांगत नाही.

दुसरी अडचण: रिव्हर्ट जिथे नेईल वाटलं तिथे नेत नाही

इथे खरी मजा आहे. रिव्हर्ट म्हणजे जुनी परिस्थिती परत आली असं आपण धरून चालतो. पण जुन्या परिस्थितीत सगळं झॅप करणं म्हणजे पिढ्यांची युक्ती होती, आणि ती तर त्याच मालिकेतल्या पुढच्या पॅचनी काढून टाकलेली. रिव्हर्टने परत आणलं ते फक्त सगळं झॅप करा हे वाक्य, आणि ते आता बोलावत होतं त्या उरलेल्या साध्या फंक्शनला. हे कॉम्बिनेशन ५.१ च्या आधीही नव्हतं आणि नंतरही नव्हतं, रिव्हर्टने ते पहिल्यांदाच जन्माला घातलं.

साधं फंक्शन काय करायचं? यादीच्या डोक्यापासून पेजं झॅप करत निघायचं, लॉकसाठी दुसरा कोणी ताटकळत असेल किंवा शेड्यूलरने इशारा दिला असेल तर लॉक सोडायचा, आणि लॉक परत मिळाला की पुन्हा डोक्यापासून सुरुवात. व्हीएम बंद होताना हे ठीक, कारण तेव्हा एकही व्हीसीपीयू चालू नसतो. पण स्लॉट डिलीट होताना सगळे व्हीसीपीयू पळत असतात. लॉक सुटला रे सुटला की ते पेज फॉल्ट घेऊन आत घुसतात आणि नवी शॅडो पेजं बनवतात, ती कुठे लागतात तर यादीच्या डोक्याशी. फंक्शन परत येतं, डोक्यापासून सुरू करतं, नुकतीच बनलेली पेजं उडवतं, परत लॉकवर गर्दी होते, परत सोडतं. व्हीसीपीयू पुरेसे असले की याला अंतच नाही. डेडलॉक नाही, सगळे जण कामात गर्क, आणि काम मात्र इंचभर पुढे सरकत नाही. लाइव्हलॉक.

रिव्हर्ट स्टेबल सीरिजमधेही, म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या रिलीजच्या दुरुस्त्यांतही, गेलेला असल्यामुळे रिपोर्ट ५.२.११ वरून आला. एका वापरकर्त्याने कळवलं की होस्टच्या एकूण प्रोसेसरांच्या निम्म्याहून जास्त व्हीसीपीयू दिले की गेस्ट इनिटरॅमएफएसच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या, टप्प्यावरच अडकतो. हा रिपोर्ट मला फार आवडतो, कारण व्हीएम हँग होतो एवढंच न लिहिता त्याने उंबरठा शोधून दिला, निम्म्याच्या आत ठीक, निम्म्याच्या वर अडकतो. कोड माहीत असलेल्याला एवढं पुरे, बघताक्षणी वास येतो की ही मेमरी करप्ट होण्याची भानगड नाही, कुठेतरी लॉकसाठी मारामारी आहे.

दुसरा निर्णय: तीन वाटा

यावेळी पर्याय अगदी स्वच्छ मांडले गेले, दुरुस्तीच्या कमिट मेसेजमधेच ते लिहिलेले आहेत. मेमस्लॉटवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो मेसेज एकदा वाचावा असं माझं मत.

पहिली वाट, रिव्हर्टलाच रिव्हर्ट करा. नाही, कारण मग पासथ्रूवाले परत मोडतात आणि त्यांचं मूळ कारण वेळेत सापडेल अशी आशा नाही.

दुसरी वाट, साध्या फंक्शनमधून मधेच लॉक सोडणं काढून टाका, म्हणजे सगळं संपेपर्यंत लॉक धरून बसा. यात कोड सर्वात कमी बदलतो. दोन-तीन ओळी. आणि म्हणूनच मोह सर्वात मोठा, रिलीज तोंडावर आलेलं असताना छोटा डिफ (बदललेल्या ओळी) दिसला की रिव्ह्यू करणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण त्यांनी ती वाट सोडली, आणि दिलेलं कारण असं की या रूपातलं फंक्शन स्लॉट डिलीटसाठी २०१३ पासून प्रत्यक्षात कोणी चालवलेलंच नाही.

तिसरी वाट, पिढ्यांची युक्ती परत आणा. डिफ मोठा, नुकताच साफ केलेला कोड परत अंगावर घ्यायचा, ज्याने तो काढला त्यानेच परत लिहायचा. पण त्या मार्गावर ५-६ वर्षांचा खराखुरा वापर जमा होता, मोठे गेस्ट, छोटे गेस्ट, पासथ्रू, सगळं.

तिसरी घेतली.

या निर्णयाचा मी बराच विचार केलाय. आपल्याकडे रिव्ह्यूमधे रिस्क मोजायची सवय ही डिफच्या ओळींवर असते, कमी ओळी म्हणजे कमी धोका. इथे त्यांनी ओळी मोजल्याच नाहीत, प्रत्येक वाटेवर किती खरं ट्रॅफिक गेलंय ते मोजलं. दोन ओळींच्या वाटेवर शून्य आणि शंभर-दीडशे ओळींच्या वाटेवर कित्येक वर्षांचं. वरवर बघणाऱ्याला वाटेल की छोटी दुरुस्ती सोडून मोठी केली, प्रत्यक्षात जास्त जुनी आणि जास्त मळलेली वाट धरली.

दुरुस्ती सप्टेंबर २०१९ मधे गेली, ५.३ बाहेर पडायच्या तोंडावर, आणि स्टेबलमधेही. दोन्ही बिघाड थांबले.

पुढे काय झालं

पुढे म्हणजे किती पुढे, तर २०२४.

मधल्या काळात स्लॉट डिलीट म्हणजे सगळं झॅप ही स्थिती तशीच राहिली. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारायचं की हे फक्त त्या स्लॉटपुरतं का करत नाही आणि उत्तर तेच, केलं होतं, जीपीयूवाले मोडले, का ते कळलं नाही. टेस्टच्या बाजूला मात्र चांगलं काम झालं. २०२० मधे मेमरी रीजन बदलायची एक खास सेल्फटेस्ट आली, त्यात गेस्ट एका स्लॉटमधून सतत वाचत राहतो आणि होस्ट त्याच्या पायाखालून तो स्लॉट हलवतो किंवा डिलीट करतो, एकही स्लॉट नसलेला व्हीएम चालवून बघतो, स्लॉटची कमाल मर्यादा भरून बघतो. नंतर स्लॉट सतत बदलत ठेवून ताण देणारी टेस्ट आली, परफॉर्मन्स मोजणारी आली. २०१९ च्या मालिकेआधी यातली एक जरी असती तर निदान लाइव्हलॉक तरी घरातच पकडला गेला असता असं मला वाटतं, कारण त्याला जीपीयू लागत नाही, नुसते भरपूर व्हीसीपीयू आणि स्लॉटची ये-जा पुरते.

मग इंटेलचं टीडीएक्स, म्हणजे गेस्टची मेमरी होस्टपासूनही लपवणारं तंत्र, आलं आणि प्रश्न नुसत्या परफॉर्मन्सचा उरला नाही. टीडीएक्स गेस्टची खाजगी पेजं सुरक्षित ईपीटीत असतात, तिथून पेज काढलं की त्यातला मजकूर गेला, आणि परत लावलं तर गेस्टने ते नव्याने स्वीकारावं लागतं. अशा गेस्टमधे एक छोटा स्लॉट काढला म्हणून सगळं झॅप केलं तर गेस्ट मेलाच. म्हणजे जी सवय इतकी वर्षं सुरक्षित म्हणून पाळली तीच इथे जीवघेणी.

यावर ६.१२ मधे, नोव्हेंबर २०२४ ला, एक क्वर्क, म्हणजे जुनं वागणं टिकवणारा स्विच, आला. साध्या व्हीएमला तो आपोआप चालू, म्हणजे जुनंच वागणं, सगळं झॅप. यूजरस्पेसला हवं तर तो बंद करता येतो, आणि टीडीएक्ससारख्या वेगळ्या प्रकारच्या व्हीएमला तो लागूच होत नाही, तिथे फक्त त्या स्लॉटच्या नोंदी काढल्या जातात. तेही २०१९ च्या पॅचपेक्षा कमी, टीडीएक्ससाठी फक्त शेवटच्या पातळीवरच्या नोंदी, वरची टेबलं तशीच ठेवून. शिवाय क्वर्क चालू आणि बंद अशा दोन्ही तऱ्हांनी सेल्फटेस्ट चालवायची सोयही त्याच वेळी केली.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट डॉक्युमेंटेशनमधे झाली. तिथे आता लिहिलंय की क्वर्क बंद असेल तर केव्हीएमची हमी एवढीच: काढलेल्या स्लॉटमागची मेमरी गेस्टला पोचता येणार नाही. बाकीच्या नोंदी जातील किंवा राहतील, त्यावर विसंबू नका. २०१९ मधे ही ओळ कुठेही नव्हती. स्लॉट डिलीट झाला म्हणजे नक्की काय झालं असं धरायचं हे कोणी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे पॅच बरोबर की चूक हे ठरवायला फूटपट्टीच नव्हती. पॅच लिहिणाऱ्याच्या मते तो त्या स्लॉटच्या नोंदी काढत होता, म्हणून बरोबर. कुठल्यातरी कोडला, ड्रायव्हरला किंवा केव्हीएममधल्याच एखाद्या कोपऱ्याला, सगळंच साफ होण्याची सवय लागली होती, त्यांच्या दृष्टीने चूक.

वेगळं काय करता आलं असतं

वागणं बदलणारा पॅच आणि जुनी यंत्रणा काढून टाकणारे पॅच एकाच रिलीजमधे जायला नको होते. हे माझं सगळ्यात ठाम मत. पहिला ५.१ मधे टाकला असता आणि सफाई ५.३ किंवा ५.४ साठी ठेवली असती, तर ऑगस्टमधला रिव्हर्ट खरोखरच जुन्या जागी नेऊन सोडणारा झाला असता आणि लाइव्हलॉक हा प्रकारच घडला नसता. उलट बाजूने कोणी म्हणेल की वापर नसलेला कोड दोन रिलीज ठेवायचा म्हणजे कचरा, आणि मेंटेनरांना नंतर करू म्हटलेली सफाई कधीच होत नाही हा अनुभव असतो. ते खरंय. तरी ज्या कोडमधे चूक झाली तर गेस्टची मेमरी बिघडते तिथे दोन रिलीजचा कचरा मला चालेल.

रिव्हर्टचं टेस्टिंग हा दुसरा मुद्दा. रिव्हर्ट आला की रिव्ह्यू ढिला पडतो, हे तर आधी होतंच की, असं म्हणून. रिव्हर्ट करण्याआधी दोन प्रश्न विचारले की पुरतं: मूळ पॅचनंतर या फंक्शनला कोणी हात लावलाय का, आणि हे ज्या फंक्शनला बोलावतं ते तेव्हाचंच आहे का. इथे दुसऱ्याचं उत्तर सरळ 'नाही' असं होतं.

टेस्ट मॅट्रिक्समधे विंडोज आणि खरा जीपीयू हवा होता असं लिहायला सोपं आहे, पण अपस्ट्रीम (मूळ लिनक्सच्या) डेव्हलपरला प्रत्येक पॅचला ते जमेल ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा स्वस्त गोष्ट ही की एमुलेट केलेल्या कुठल्याही पीसीआय डिव्हाइसचं मेमरी डिकोडिंग लूपमधे बंद-चालू करत राहायचं आणि त्याच वेळी बाकीचे व्हीसीपीयू मेमरीत ठरलेला नमुना लिहून वाचत ठेवायचे, जुळत नसेल तर ओरडायचं. यात मूळ जीपीयू बग पकडला गेलाच असता असा दावा मी करणार नाही. पण स्लॉटच्या बाहेरच्या मेमरीवर नजर ठेवणारी टेस्ट तेव्हा कोणाच्याच डोक्यात नव्हती, सगळ्यांचं लक्ष काढलेल्या स्लॉटकडे.

आणि पर व्हीएम स्विच २०१९ मधेच का नाही आला? मला वाटतं कारण न समजलेल्या बगला स्विचच्या मागे लपवणं मेंटेनरांना आवडत नाही, एकदा यूजरस्पेसला दिलेला इंटरफेस कायमचा सांभाळावा लागतो. टीडीएक्सने दुसरा इलाजच ठेवला नाही तेव्हा तो आला. इतकी वर्षं थांबणं बरोबर की चूक यावर मी अजून दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो.

तुमच्या हातात काय येतं

पुण्या-बंगळुरात बरेच जण कंपनीचं स्वतःचं, मागच्या एखाद्या व्हर्जनवर थांबलेलं कर्नल सांभाळतात आणि अपस्ट्रीममधले पॅच निवडून आणतात. ५.१ ते ५.३ च्या आसपासचं झाड असेल तर तीन कमिट एकत्र बघा: स्लॉटपुरतं झॅप करणारा, त्याचा रिव्हर्ट, आणि पिढ्यांची युक्ती परत आणणारा. पहिला एकटा असेल तर पासथ्रूवाले अडचणीत. पहिले दोन असतील आणि तिसरा नसेल तर भरपूर व्हीसीपीयूंचा गेस्ट बूटलाच लटकेल, आणि सीपीयू मात्र शंभर टक्के चालू दिसेल, त्यामुळे शोधणारा गेस्टच्या आत शोधत बसेल.

नव्या कर्नलवर क्वर्क बंद करायचा विचार असेल तर आधी तुमच्या यूजरस्पेसमधे स्लॉट कुठे कुठे डिलीट होतात त्याची यादी काढा, बार, रॉम, मेमरी हॉटप्लग, जे काय असेल ते. मग जीपीयू लावलेला गेस्ट क्वर्क बंद ठेवून नुसता बूट करून सोडू नका, ड्रायव्हर काढून परत लावा, गेस्ट आतून रीबूट करा, व्हीसीपीयू होस्टच्या निम्म्याच्या वर न्या. आणि त्यात काही मोडलं तर क्वर्क परत चालू करून मोकळे होण्याआधी कुठल्या स्लॉटच्या डिलीटनंतर मोडलं तेवढं तरी ट्रेसमधे पकडून अपस्ट्रीमला कळवा.